सरांचा होकार

सरांना काहीही विचारलं की पहिलं उत्तर 'नाही' असायचं. उशिरा आलेला विद्यार्थी वर्गाच्या दारात उभा राहून "सर, आत येऊ?" म्हणायचा. सर फळ्याकडं तोंड ठेवूनच "नको" म्हणायचे, आणि तो मुकाट्यानं आत येऊन बाकावर बसायचा. मी त्या शाळेत शिकवायला नवीन होते, तेव्हा हे पाहून चक्रावलेच. पोरांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण मानवतच्या त्या शाळेत पाचवीतल्या लेकरालाही ठाऊक होतं, की भूगोलाच्या सरांचं 'नको' म्हणजे 'ये'.

लग्नाची पत्रिका द्यायला कुणी आलं की सर बजावायचे, "मी येणार नाही, माझ्या भरवशावर राहू नका." आणि लग्नादिवशी मांडवात सगळ्यांच्या आधी हजर, अक्षता वाटायला. भाजीवाली म्हणायची, "सर, मेथी ताजी हाय." "मुळीच नाही," म्हणत ते दोन जुड्या पिशवीत टाकायचे. एकदा मी धीर करून कारण विचारलं. म्हणाले, "बाई, नाही म्हटलं की विचार करायला जागा राहते. हो म्हटलं की विषय संपला."

मी परभणीहून रोज एसटीनं ये-जा करून बेजार झाले होते. सरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून विचारलं. "खोल्या भाड्यानं द्यायच्या नाहीत," सर म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा निरोप आला : खोल्या झाडून ठेवल्यात, कवा येता? त्या माझ्या काकू झाल्या. सरांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या घरात मी किती वर्षं राहिले याचा हिशेब आता लागत नाही.

सर मेंढपाळाच्या घरातले. देवगाव फाट्यापासून आत त्यांचं गाव. वडिलांबरोबर मेंढरांमागं हिंडत त्यांनी लहानपणीच हा सगळा मुलूख पायाखाली घातला होता. पुढं शिकले, मास्तर झाले, पण त्यांचा भूगोल नकाशातून आलेला नव्हता. फळ्याकडं न बघता, वर्गाशी बोलता बोलता, ते पाठमोऱ्या हातानं गोदावरी काढायचे. एसटी कुठल्याही पुलावर आली की जागेवरून उठून उभे राहायचे, खिडकीतून वाकून पाणी बघायचे, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं नदीचं नाव घ्यायचे आणि खाली बसायचे. नवखे प्रवासी दचकायचे. कंडक्टर म्हणायचा, "बसा सर, नदी कुठं जायली पळून?" सर म्हणायचे, "नाही बसत."

त्यांना शुगर होती. चाळिशीतच धरलेली, आणि इन्सुलिनची सुई रोजची. डॉक्टरनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही सर म्हणाले होते, "मला नाही." पण सुई त्यांनी कधी चुकवली नाही. जेवायच्या आधी शर्ट वर करायचे, पोटाला टोचून घ्यायचे आणि 'झालं' असं त्या सुईलाच सांगायचे. हुज्जत घालायचे ते फक्त तपासायच्या मशीनशी. "बोटाला भोक पाडून आकडा सांगणारं यंत्र! खोटारडं आहे ते."

मी राहायला गेल्यानंतरची गोष्ट. रविवार होता, उन्हाळा होता. कपड्यांच्या दोरीसाठी मला अंगणातल्या भिंतीत खिळा ठोकायचा होता. सर दारात उभे होते. मी मनाची तयारी करून विचारलं, "सर, इथं खिळा ठोकू का?"

"ठोका की," सर म्हणाले. "ठोका. कुठंही ठोका."

मला बरं वाटलं. म्हटलं, आता आपण घरच्या झालो. मी खिळा ठोकला. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हातातल्या शेंगा तशाच टाकून बाहेर आल्या.

"काय म्हनले ते?"

"ठोका म्हणाले."

काकू सरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत बघितलं, मानेवरून हात फिरवला. मग अगदी सहज, चहाला विचारावं तसं विचारलं, "अहो, जिंतूरला जायचं का? दादाकडं?"

"जाऊ की," सर हसून म्हणाले. ते हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लहान मुलाचं असतं तसं, समोरच्याला पार करून पलीकडं गेलेलं.

काकूंनी त्यांना धरून पायरीवर बसवलं आणि मला ओरडून सांगितलं, "पोरी, फडताळातली मशीन आन." मी आणली. त्यांनी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा सत्तरच्या बराच खाली होता. मग पेल्यात साखर विरघळवून त्यांनी सरांना घोट घोट पाजली. सर शहाण्यासारखे पीत होते. काकू त्यांचं डोकं छातीशी धरून बसल्या. पाव तासानं पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता. तेव्हा कुठं त्यांनी भाकरी आणि वरण आणून सरांच्या पुढ्यात ठेवलं. दोन घास गेले आणि सरांची नजर भिंतीवर गेली.

"हा खिळा कुणाला विचारून ठोकला?"

काकूंनी पदराला हात पुसले. "आले," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं शिकवलं. आधी म्हणे सरांना साखर उतरली की घाम सुटायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची, भुकेनं जीव कासावीस व्हायचा. स्वतःच साखरेचा डबा शोधायचे. वर्षं गेली तसं ते सगळं कमी कमी होत गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की जुन्या दुखण्यात कधी कधी शरीर इशारा द्यायचंच सोडून देतं, तेव्हा आजूबाजूच्या माणसानं लक्ष ठेवायचं. कुणी चिडतं, कुणाचे शब्द अडखळतात, कुणी नुसतं टक लावून बसतं. ज्याची त्याची खूण वेगळी.

"ह्यांची खून म्हंजी ह्यो होकार," काकू म्हणाल्या. "ते हो म्हनले की मला घाम सुटतो बघ. पन नुसत्या अंदाजावर जायचं न्हाई पोरी. संशय आला की बोट टोचायचं, भांडन मागून. गिळता येत असंल तर साखर द्यायची. शुद्धच नसंल तर तोंडात काई घालायचं न्हाई, तडक दवाखाना गाठायचा."

"पण जिंतूरचंच का विचारता?"

काकू जरा वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग बोलल्या.

जिंतूरला काकूंचा थोरला भाऊ. लग्नानंतर सर आणि तो भावासारखे राहिले. मग एकदा भावाच्या घरी बारसं होतं. पंगत बसायची वेळ झाली म्हणून सरांनी सुई घेतली. ताटं मांडता मांडता दुधनेचा विषय निघाला. भाऊ म्हणाला, दुधना सरळ गोदावरीला मिळते. सर म्हणाले, नाही, दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढं गोदावरीला. शब्दानं शब्द वाढला. भरल्या मांडवात भाऊ हसून म्हणाला, "मास्तर, पुस्तकातलं राहू द्या."

ज्या संगमावर वडिलांबरोबर मेंढरांना पाणी पाजलं होतं, त्याला 'पुस्तकातलं' म्हटलं. सर घास न घेताच ताटावरून उठले. काकू आत बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांना कळलं तेव्हा त्या धावत एसटी स्टँडवर गेल्या. सर बाकावर आडवे होते, शर्ट घामानं चिंब, आणि भोवती माणसं. कुणीतरी म्हणत होतं, "मास्तर पिऊन पडलंय." काकूंनी चहावाल्याच्या डब्यातली साखर मुठीनं घेतली आणि त्यांच्या गालात भरली. अजून गिळत होते, म्हणून वाचले.

"तवापासून म्हनतेत, त्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई. मी एकलीच जाते म्हायेराला. राखीला, दिवाळीला. विचारलं की फटकन न्हाई म्हनतेत. म्हून तेच विचारते. त्याच्याइतकं पक्कं 'न्हाई' त्यांच्याकडं दुसऱ्या कशाचंच न्हाई." काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "कितींदा हो म्हनलेत बघ. जाऊ की, म्हनतेत. पन शुद्धीवर असताना एकदा म्हनावं, असं लय वाटतं."

त्यानंतर मीही तशीच झाले, एक मशीन पर्समध्येच ठेवायला लागले. सरांच्या बोलण्यात 'नाही' ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा. एकदा स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी सरांना विचारलं, "सर, परीक्षेच्या दिवसांत जादा पर्यवेक्षण घ्याल का?" सर म्हणाले, "घेतो की, आनंदानं घेतो." सगळे हसले. कुणी म्हणालं, "सर सुधारले!" मी त्यांच्याकडं बघितलं. हातातला खडू ते खिशाला लावत होते, खिसा सापडत नव्हता. मी पर्समधली मशीन काढली, सगळ्यांसमोर त्यांचं बोट धरलं. आकडा कमीच निघाला. शिपायानं चहाची साखर आणली. 

सर ताळ्यावर आले, पण घरी गेल्यावर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "बाई, तुम्ही माझा जीव वाचवला, ते मी नाकारत नाही. पण आता माझ्या होकाराला काही अर्थ राहिलेला नाही. मी हो म्हटलं की तुम्ही दोघी सुई घेऊन धावता. समजा एखाद्या दिवशी मला खरंच हो म्हणायचं असलं, तर?"

 काकू आतून म्हणाल्या, "म्हनून तर बघा."

पुढं सर निवृत्त झाल्यावर काकूच आजारी पडल्या. पायावर सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय. जिंतूरचे भाऊ रोज यायचे. मी त्यांना मामा म्हणायला लागले. उंच, वाकलेले, कानात बाळी. सर चहा प्यायला खाली उतरले, की मगच ते जिन्यानं वर यायचे, आणि सरांची पावलं वाजली की दुसऱ्या बाजूनं निघून जायचे. दोघं एकमेकांना ओलांडत होते आणि काकू खाटेवरून ते बघत होत्या.

एका सकाळी मी काकूंचे केस विंचरत होते. सर पायथ्याशी उभे होते. काकू म्हणाल्या, "अहो, जाल का दादाकडं? मी नसले तरी?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "जाईन."

काकूंनी माझा हात धरला. डोळे बारीक करून त्या सरांकडं बघायला लागल्या. अंगात त्राण नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय. "पोरी," त्या म्हणाल्या, "मशीन काढ."

मी मशीन काढली. एरवी हुज्जत घालणाऱ्या सरांनी आपणहून बोट पुढं केलं. मी टोचलं. तिघंही त्या छोट्या पडद्याकडं बघत होतो. काकूंना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"किती हाय?"

"एकशे चाळीस, काकू."

 काकू हळूच म्हणाल्या, "म्हंजी शुद्धीत म्हनले." आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. सर तसेच उभे होते, बोटावरचा रक्ताचा थेंब न पुसता.

काकू त्याच आठवड्यात गेल्या.

मला वाटलं होतं, आता सर आणखी हट्टी होतील. झालं उलटंच. ते सगळ्याला हो म्हणायला लागले. "सर, चहा ठेवू?" "ठेवा." "सर, दोडका केलाय, चालेल?" "चालेल." शेजाऱ्यांनी त्यांच्या भिंतीला लागून मोटारसायकली लावायला सुरुवात केली. "लावू द्या," म्हणाले.  प्रत्येक होकाराला मी धावत मशीन आणायची, ते बोट पुढं करायचे. आकडा बरोबर असायचा. पुन्हा पुन्हा बरोबर. साखर उतरलेली नव्हती. नाही म्हणायला समोर जे माणूस लागतं, ते उरलं नव्हतं, एवढंच.

त्यामुळं खूण म्हणून काही राहिलंच नाही. जिंतूरचं विचारावं, तर त्यालाही "जायचंय" म्हणायचे. आता भरवसा फक्त मशीनवर. डॉक्टरांनी जेवायच्या आधी, झोपायच्या आधी आणि शंका आली की लगेच तपासायला सांगितलं होतं. सर ते निमूट करायचे आणि मागच्या अंगणातून मला ओरडून सांगायचे, "बाई, एकशे दहा!" मी भांडी घासत असले तरी "बरं!" म्हणायची. एवढाच काय तो आमचा संवाद.

दिवसकार्य आटोपून काही महिने गेल्यावर मी त्यांना जिंतूरला घेऊन गेले. परभणीला गाडी बदलली. दुधनेच्या पुलावर मी त्यांच्याकडं बघितलं. ते उठले नाहीत. नुसते ओठ हलले.

मामा स्टँडवर येऊन थांबले होते. "या दाजी," म्हणाले. बस्स, तेवढंच. घरी सुनेनं ताट वाढायला घेतलं. सरांनी पिशवीतून सुई काढली, तसा मामांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा दाजी. ताट पुढ्यात येऊ द्या आधी."  "मला त्या दिवशी ठावं नव्हतं. मी समजलो, रागानं गेले. तुमी सुई घेऊन उपाशी गेलात, हे बाईनं मला मागून लय दिवसानं सांगितलं." बाई म्हणजे त्यांची बहीण, आमच्या काकू. मग म्हणाले, "दुधनेचं तुमचंच खरं हाय. मी जाऊन बघून आलो."

"असू द्या," सर म्हणाले. "मिळू द्या तिला कुठंही."

दोघं शेजारी शेजारी बसून जेवले. मामा स्वतः भाकरी कुस्करून सरांच्या ताटात दूध घालत होते आणि सर घालू देत होते.

त्यानंतर सरांचा मुक्काम बराचसा जिंतूरलाच असायचा. मी एकदा जाऊन मामांना मशीन शिकवली. जाड बोटांचा माणूस, पट्टी धरायची म्हणजे घामाघूम व्हायचे. घाम दिसला, हात कापला, बोलण्यात घोळ झाला, उगाच चिडले किंवा उगाच गप्प झाले की तपासायचं, मी सांगत होते, आणि मामा शाळेतल्या मुलासारखे पाठ म्हणत होते. सुरुवातीला ते सरांच्या आधी स्वतःचं बोट टोचून बघायचे. म्हणायचे, "दुखतंय का बगतो."

दोघं म्हातारे ओट्यावर बसायचे. काय बोलायचे ठाऊक नाही. मामांची सून सांगायची, काही बोलतच नाहीत, नुसते बसतात. पण एकाला उठायला वेळ लागला की दुसरा मशीन घेऊन येतो.

त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. मामांचा फोन आला.

"ताई, दाजी बोलंनात."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "मामा, घाम आलाय का? अंग थंड लागतंय? मशीन लावली?"

"लावली. जेवले होते चांगले. ओट्यावर बसले, भिंतीला टेकले. मी हाक मारली, ओ दिली न्हाई. तसंच बोट टोचलं. एकशे तीस आलं."

"मग डॉक्टरला बोलवा, मामा. आत्ता. तोंडात काही घालू नका."

"डॉक्टर येऊन गेले."

 पलीकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मामा मात्र अगदी सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होते, जणू माझ्याकडून काहीतरी समजून घ्यायचं राहिलं होतं.

"ते म्हनले, गेले. पन ताई, शुगर तर बरोबर हाय ना? एकशे तीस म्हंजी बरोबरच ना?"

"बरोबर आहे, मामा."

"मंग?"

 बाहेर पोरं मैदानात ओरडत होती. मग मामांचा आवाज आला, अगदी बारीक.

"परत एकदा तपासू का?"

"तपासा, मामा," मी म्हटलं. "मी फोन धरून बसते."